आई-बाबांच्या तिकिटाआधी औषधांचा डबा

आई-बाबांना अमेरिकेला बोलवायचं ठरलं की मुलं पहिल्यांदा तिकिटांचे दर बघायला बसतात. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे असतील तर सुरुवात त्यांच्या औषधांच्या डब्यापासून करा. व्हिडिओ कॉलवर डबा उघडायला सांगा आणि एकेक स्ट्रिप उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरायला लावा. मागे बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. ब्रँडचं नाव अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या फारसं उपयोगाचं नाही.

यादीत व्हिल्डाग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड किंवा सिल्निडिपिन आहे का, ते खास बघा. पहिली दोन मधुमेहाची, तिसरं रक्तदाबाचं. आपल्याकडे ही सर्रास दिली जातात, अमेरिकेत मात्र विकलीच जात नाहीत. तिथे स्वतःच्या वापरासाठी साधारण 90 दिवसांची औषधं आणावीत असा संकेत आहे आणि मुक्काम बहुधा त्याहून मोठा असतो. म्हणजे चौथ्या महिन्यात गोळ्या संपतात, कुरिअर कस्टम्समध्ये अडकू शकतं आणि घाईघाईत नवीन गोळी सुरू करावी लागते. म्हणून निघण्याच्या दीड-दोन महिने आधीच इथल्या डॉक्टरांना विचारा, की अमेरिकेत मिळणारा पर्याय चालेल का. बदल करायचाच असेल तर तो घरी, ओळखीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावा. नवीन गोळीने पाय सुजतात का, चक्कर येते का, हे पुण्यात कळलेलं बरं. डॉक्टरांकडून आजार, औषधांची मूळ नावं आणि डोस लिहिलेलं इंग्रजी पत्र घ्या. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच राहू द्या, सुट्या करून डबीत भरू नका.

नावांचा आणखी एक घोळ आहे. आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळतं. आई सोबत आणलेली तापाची गोळी घेते आणि वर दुकानातलं सर्दीचं औषध घेते. दोन्हीत तेच असेल तर डोस दुप्पट होतो आणि त्याचा मार यकृतावर बसतो. सर्दीच्या काही औषधांनी रक्तदाबही वाढतो, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते. घरातलं सर्दीचं औषध कुठलं चालेल, हे आधी विचारून त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवा.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच नको. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही.

आता वेळेचं गणित. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे उन्हाळ्यात घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. जाताना दिवस तेवढा लांबतो, येताना आखडतो. दिवस आखडला की इन्सुलिनचे दोन डोस जवळ येतात आणि साखर एकदम उतरते. त्यामुळे इन्सुलिन, रक्त पातळ करणारं औषध आणि पार्किन्सनच्या गोळ्या यांचं जातानाचं आणि येतानाचं वेगवेगळं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. ते पाळता यावं म्हणून बाबांच्या मनगटावरचं घड्याळ घरी पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचं. जेवणाची गाडी दोन रांगा पुढे दिसली म्हणून सुई टोचली आणि तेवढ्यात विमान हलायला लागलं तर जेवण वाटणं थांबतं, अर्धा तास कुणी उठत नाही. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या असू द्या.

विमानात उठावं लागू नये म्हणून बरीच ज्येष्ठ मंडळी पाणी पीत नाहीत, लघवीची गोळीही स्वतःच बंद करतात. विमानातली हवा अतिशय कोरडी असते. तासन्‌तास बसून पायात रक्त साकळण्याचा धोका असतोच, त्यात शरीरातलं पाणी कमी झालं की उठताना भोवळ येते. शौचालयाजवळची, मार्गिकेलगतची जागा काढा. दर तासाला टाचा आणि चवडे आलटून पालटून वीस वेळा उचलायला सांगा. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे चांगले, पण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करून आत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास अजिबात करायचा नाही. केबिनमध्ये हवेचा दाब कमी असल्यामुळे बुडबुडा फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते.

व्हीलचेअर किमान 48 तास आधी आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी नोंदवा. जिने चढता येतात की नाही, विमानात चार पावलं चालता येतात की नाही, हे स्पष्ट सांगा, कारण मदत त्यावरूनच ठरते. मधल्या विमानतळावर कर्मचारी बाबांना एका ठिकाणी बसवून तासभर दिसत नाही, असं होतं. म्हणून खुर्चीत बसण्याआधीच शौचालयात नेण्याची विनंती करायची. खिशात ठळक अक्षरांतली इंग्रजी चिठ्ठी हवी: नाव, पुढच्या विमानाचा क्रमांक आणि वेळ, तुमचा फोन. पासपोर्ट तपासणी झाली की लगेच परत आपल्या बॅगेत.

खाऊबद्दल थोडक्यात. सुकं खोबरं तपासणीत काढून घेतात, ते पेट घेऊ शकतं म्हणून. दुबई किंवा अबू धाबीवरून जाणार असाल तर अनारसे देऊ नका, तिथे खसखशीवर बंदी आहे. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनाही तिथे आधी परवानगी लागते. अमेरिकेत उतरल्यावर सोबत खाण्याचे पदार्थ आहेत हे विचारताक्षणी सांगायचं.

पोहोचल्यावर आई-बाबांचा आय-94, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद, संकेतस्थळावरून काढून छापून ठेवा. राहण्याची शेवटची तारीख त्यावर असते, व्हिसावरची तारीख वेगळी. प्रवासी विमा घेताना जुन्या आजाराचं कलम सत्तरीनंतर किती उरतं, ते ओळ न ओळ वाचा. रुग्णालयात जायची वेळ आली तर मराठी दुभाषी मागा, बहुतेक रुग्णालयं तो फोनवर मोफत उपलब्ध करून देतात. छातीत नक्की काय होतंय हे आईला मराठीतच नीट सांगता येतं, आणि सूनबाईसमोर सांगायला संकोच वाटेल ते ती दुभाष्याला सांगेल.