सोलापुरात पिस्तुलाचं लायसन्स आहे. ग्लॉक १९ घेऊ की सिग पी३६५?

दोन्हींवर फुली मारा, राव. दोन्ही ९ एमएमची, आणि हा बोअर (म्हणजे गोळीचा आकार) आपल्याकडे सामान्य लायसन्सवर मिळत नाही. तुमची खरी निवड .३२ बोअरच्या पिस्तुलांमध्ये आहे: नवं हवं तर सरकारी कारखान्याचं अशनी, जुनं चांगलं सापडलं तर वॉल्थर पीपी किंवा पीपीके.

पीपीकेच्या मॅगझीनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत) ७ गोळ्या, पीपीत ८. लपवायला पीपीके छान, पण मूठ आखूड, करंगळी लोंबकळते. तळहात भरदार असेल तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे येताना अंगठ्याच्या बेचक्यात चावते. रेंजवर नेम धरायचा असेल तर मी पीपीच घेईन. नळी लांब, पकड पुरते.

पीपीकेची किंमत मात्र ऐकून घाम फुटेल, त्यामुळे बहुतेकांची गाडी अशनीवरच थांबते. घेण्याआधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून ट्रिगर चार-पाच वेळा ओढून बघा, प्रत्येक नगाचा वेगळा लागू शकतो.

आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात कमरेला लावलेलं पिस्तूल घामानं गंजतं. रोज रात्री रिकामं करून तेलाच्या फडक्यानं पुसा. शहरात राहत असाल तर लायसन्सची कामं पोलीस आयुक्तालयात, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात.