जामीन मंजूर झाला, तरी माणूस आतच का?

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातील ऊस उत्पादक शेतकरी आहे. बीड जिल्ह्यातून आमच्याकडे तोडणीला आलेल्या टोळीतील एका तरुणाला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली. त्याला २५ हजारांचा जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झाले; पण स्थानिक जामीनदार नसल्याने तो अजून सांगलीच्या कारागृहातच आहे. मी जामीन राहिलो, तर माझ्या अंगावर नेमके काय येईल? परदेशात जामिनावर सुटलेल्यांवर लक्ष ठेवणारे अधिकारी असतात, असे वाचले. आपल्याकडे हे काम कोण करते?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातच तुमच्या अडचणीचे मूळ आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात १९६१ साली एक प्रयोग सुरू झाला. कायद्याचे विद्यार्थी अटकेतील माणसाला भेटून तो कोठे राहतो, काय काम करतो, घरी कोण आहे हे विचारत, माहिती पडताळून पाहत, आणि तो तारखेला हजर राहील असे दिसले तर पैसे न घेता केवळ त्याच्या शब्दावर त्याला सोडावे, अशी शिफारस न्यायाधीशांकडे करत. पुढे अमेरिकेत अनेक न्यायालयांसाठी अशी कार्यालयेच उभी राहिली. तेथील अधिकारी निकालापूर्वी सुटलेल्या आरोपीच्या संपर्कात राहतात, त्याला तारखेची आठवण करून देतात आणि अटी पाळल्या जातात की नाही, ते न्यायालयाला कळवतात. आपल्या फौजदारी न्यायालयांना जोडलेली अशी यंत्रणा नाही. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आहेत. परंतु १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार त्यांची देखरेख सुरू होते ती दोष सिद्ध झाल्यावर. त्याआधीचा सगळा भार पोलीस ठाण्यातील हजेरीवर आणि जामीनदारावर पडतो. म्हणूनच ज्याला या मुलखात ओळखणारे कोणी नाही, तो आदेश हाती असूनही आत राहतो.

सातबारा, आधार कार्ड, घरपट्टीची पावती अशी कागदे प्लास्टिकच्या पिशवीत घालून सकाळपासून न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेले जामीनदार मी वकिलीत अनेकदा पाहिले आहेत, आणि जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून त्यांना माघारी जावे लागल्याचेही पाहिले आहे. हे होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात सांगितले होते. मोतीराम गवंडी होता. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने भावाचा जामीन नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडले. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत तर स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेच सुटका लांबण्याचे एक कारण असल्याचे नमूद करून, न्यायालयांनी अशी अट घालू नये, असे सांगितले आहे. त्याच निर्देशांनुसार जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात जामीन सादर झाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकते.

त्यामुळे महिना पुरा होण्याची वाट पाहू नका. प्राधिकरणाकडे आजच अर्ज द्या. कोठडीतील माणसाला त्याचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. वकिलामार्फत रक्कम कमी करण्याची, बीडचा जामीनदार स्वीकारण्याची किंवा जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती करता येईल. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून जिल्हा समितीच्या मंजुरीने कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. हे सारे अर्ज सत्र न्यायालयात फेटाळले गेले, तरच उच्च न्यायालय. आणि त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) सांगली आणि साताराही आहेत.

आता तुमची जबाबदारी. जामीनदार आरोपीच्या वागणुकीची हमी देत नाही. आरोपी तारखेला न्यायालयात हजर राहील, एवढीच हमी देतो. आरोपी आला नाही, तर तुम्ही दिलेले लेखी हमीचे बंधपत्र जप्त होते आणि रक्कम का वसूल करू नये, अशी नोटीस तुम्हाला येते. न्यायालय सबळ कारण पाहून काही रक्कम माफ करू शकते. पण दंड भरला नाही आणि वसूलही झाला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हे तुमच्यापासून लपवणार नाही. विश्वास डळमळला, तर जामीनदारीतून मुक्त होण्यासाठी कधीही अर्ज करता येतो. मग आरोपीला नवा जामीनदार द्यावा लागतो. आणखी कोणाकोणाला जामीन आहात, हेही न्यायालयासमोर घोषित करावे लागते.

मला विचाराल, तर त्याला ओळखत असाल तर जरूर जामीन राहा. मात्र हजेरीची अट नीट वाचा. दर सोमवारी इथल्याच पोलीस ठाण्यात हजेरी, असे लिहिले असेल, तर हंगाम संपून टोळी बीडला परतल्यावर तो ती पाळणार कशी? गावाजवळच्या ठाण्यात हजेरी लावण्याची परवानगी आधीच मागून ठेवा. त्याच्या घरचा पत्ता, मुकादमाचा आणि आईवडिलांचा फोन नंबर वहीत लिहून घ्या, आणि प्रत्येक तारखेच्या दोन-तीन दिवस आधी त्याला एक फोन करा.