जुन्या १२ व्होल्ट महिंद्रा जीपचा ॲमीटर काढून व्होल्टमीटर आणि टेंपरेचर मीटर कसे जोडायचे?

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. ॲमीटरच्या दोन्ही जाड वायरी एकमेकींना नट-बोल्टने घट्ट जोडा, वरून चांगलं इन्सुलेशन करा. सुट्या सोडल्यात तर चार्जिंगच बंद पडेल, आणि त्या व्होल्टमीटरला तर अजिबात लावू नका. व्होल्टमीटरला सप्लाय इग्निशन स्विचनंतरच्या लाइनवरून, छोट्या फ्यूजमधून द्या. अर्थची (निगेटिव्ह) वायर गाडीच्या बॉडीला, रंग खरवडून जोडा. गाडी चालू असताना काटा १४ च्या आसपास हवा.

टेंपरेचरचा सेंडर (इंजिनमध्ये बसणारा, तापमान ओळखणारा सेन्सर) मात्र नव्या मीटरसोबत आलेलाच बसवा. जुन्याचा रेझिस्टन्स जुळला नाही तर इंजिन तापलेलं असूनही काटा थंडच दाखवू शकतो. एका वायरच्या सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो, त्यामुळे टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका.