उणे 234.5 अंशाला तांब्याचा रोध शून्य होतो का?

तुम्ही विचारलंय की मोटारीच्या वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) तापमानवाढीच्या सूत्रात तांब्यासाठी 234.5 हा आकडा असतो, तर मग उणे 234.5 अंश सेल्सिअसला रोध शून्य होऊन तांबं अतिवाहक, म्हणजे अजिबात रोध न करता वीज वाहून नेणारं, होतं का?

नाही होत. उद्यमनगरात मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्यांना ते सूत्र चोख उत्तर देतं, कारण नेहमीच्या तापमानात तांब्याचा रोध जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. तीच रेषा खाली ओढत नेली की ती उणे 234.5 ला शून्य रोधाला टेकते. तांबं मात्र तिथवर रेषा धरून राहत नाही.

रोध दोन गोष्टींमुळे येतो. पहिली, अणूंची थरथर. थंडी वाढली की ती मंदावते आणि रोध घसरतो. दुसरी, भेसळीचे अणू आणि स्फटिकातले दोष. यांना थंडीचं काही सोयरसुतक नाही. त्यामुळे 10 केल्व्हिनच्या (सुमारे उणे 263 अंश सेल्सिअसच्या) खाली थरथरीचा वाटा नगण्य होतो, भेसळीचा तेवढा उरतो आणि आलेख आडवा पडतो.

आपल्या हुपरीत चांदी हातात आली की आधी टंच, म्हणजे शुद्धता, बघतात. प्रयोगशाळेत तांब्याचा टंच असा काढतात: खोलीतला रोध हा द्रव हीलियममधल्या, म्हणजे 4.2 केल्व्हिनच्या, रोधाच्या किती पट? चांगल्या बाजारी तारेत हे गुणोत्तर पन्नास-शंभराच्या घरात असतं, अतिशुद्ध तांब्यात हजाराच्या वर जातं. तीच तार ठोकली-वाकवली की ते उतरतं, आणि भट्टीत तापवून नरम केली की बरंचसं परत येतं. सोन्यात किंचित लोखंड असेल तर आणखी गंमत: फार थंड केल्यावर रोध उलट वाढायला लागतो. ही वाढ 1934 मध्ये दिसली. कारण सापडलं 1964 मध्ये, जपानच्या जुन कोंडो यांना.

अतिवाहकता शोधणारे डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी मोजणीसाठी पारा निवडला तोही शुद्धतेसाठीच. प्लॅटिनम आणि सोन्याचा रोध एका पातळीला अडकतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पारा ऊर्ध्वपातनाने हवा तितका शुद्ध करता येतो. 1911 मध्ये लायडनला त्यांनी मोजलं, तर 4.2 केल्व्हिनच्या आसपास रोध एकदम नाहीसा झाला. हा हळूहळू घसरण्याचा शेवट नव्हता, ती वेगळीच अवस्था होती. शिसं 7.2 आणि नायोबियम 9.2 केल्व्हिनला तिच्यात जातं. तांबं, चांदी, सोनं जातच नाहीत. थरथरीशी इलेक्ट्रॉनांची सलगी कमी म्हणून ते एरवी उत्तम वाहक. पण अतिवाहकतेत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात त्या याच सलगीतून.

स्वतः बघायचं असेल तर बारीक वाइंडिंग तारेचं दहा ओहमचं कॉइल मल्टिमीटरला जोडून द्रव नायट्रोजनमध्ये (उणे 196) सोडा. रोध दीड ओहमच्या आत येईल. नायट्रोजन कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागा. दूध संस्थेच्या डॉक्टरांच्या कंटेनरवर डोळा नको, त्यात रेतमात्रा असतात. खोली हवेशीर हवी, आणि भांड्याचं तोंड घट्ट बंद करू नका.

एमआरआयच्या चुंबकात नायोबियम-टायटॅनियमच्या बारीक तारा तांब्यातच बसवलेल्या असतात. अतिवाहकता अचानक मोडली तर प्रवाह त्या तांब्यातून वळतो, म्हणून तिथलं तांबं घेतानाही वरचं गुणोत्तर बघूनच घेतात.