मास्ट सेलचा आजार घरच्यांना कसा समजावून सांगायचा?

तुम्ही लिहिलंय की मास्ट सेल अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोमचं निदान झालंय, पण घरात ऐकायला मिळतं, "सगळं मनाचं आहे" आणि "परवा तर खाल्लंस, आज काय झालं?" मी हा आजार बरीच वर्षं सांभाळते आहे, म्हणून लिहिते.

सगळा आजार सगळ्यांना समजावत बसू नका, दमून जाल. दोन गोष्टी पक्क्या कळल्या तरी पुष्कळ झालं.

पहिली म्हणजे परवा चाललेलं आज का चालत नाही. मास्ट सेल म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी, त्या सगळ्यांच्याच शरीरात असतात, त्वचेत, आतड्यात, श्वासनलिकेत. धोका जाणवला की त्या हिस्टामिन, ट्रिप्टेज वगैरे रसायनं सोडतात. आपल्यात त्या क्षुल्लक कारणानंही चेतवल्या जातात, आणि कारणांची बेरीज होते. ऊन, जागरण, उदबत्तीचा धूर, एखादी वेदनाशामक गोळी. एरवी पचणारी शिळी आमटी मे महिन्यात, लग्नघरातल्या दगदगीत खाल्ली की माझा चेहरा लालबुंद होतो आणि पोटात कळा येतात. सासूबाईंना ही बेरीज लगेच समजली. आता हळदीकुंकवाला अत्तर नको, हे त्या स्वतःच बायकांना आधी सांगून ठेवतात.

"मनाचं आहे" याचं उत्तरही देता येतं. ताणानं मास्ट सेल खरोखरच चेतवल्या जातात, पण पुढे जे होतं ते शरीरात होतं आणि रक्तात मोजता येतं. त्रास सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत ट्रिप्टेजसाठी रक्त द्यायचं, आणि सगळं शांत झाल्यावर, निदान २४ तासांनी, पुन्हा. नेहमीच्या पातळीपेक्षा २० टक्के आणि वर मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅम इतकी वाढ दिसली तर ती महत्त्वाची मानतात. वाढ दिसली नाही म्हणून लक्षणं खोटी ठरत नाहीत, हेही घरी आधीच सांगा. माझ्या दिरांना माझ्या बोलण्यापेक्षा तो रिपोर्ट पटला. काही माणसं अशीच असतात, त्यांना कागद दाखवावा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: जोराचा अटॅक आला तर कोणी काय करायचं. माझ्याकडे डॉक्टरांनी लिहून दिलेलं अ‍ॅड्रेनलिनची अँप्यूल (काचेची छोटी बंद कुपी) आणि सिरिंज असते. मुदत संपलेली अँप्यूल घेऊन आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर सराव केला. मान कापसात धरून मोडायची, ठरलेल्या खुणेपर्यंत औषध ओढायचं, हवा काढायची आणि मोसंब्यात टोचायचं. सासऱ्यांचा हात आधी थरथरत होता, मग जमलं. त्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही "नाटक" म्हटलेलं नाही.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय: श्वास अडकला, घसा आवळला किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. मग १०८. आडवं झोपवून पाय वर, धाप लागली असेल तर बसवून. उठवून चालवायचं नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळीची वाट बघत थांबायचं नाही. तुमच्या डॉक्टरांकडून असाच कागद लिहून घ्या.

आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा घरातलं सगळ्यात शंकेखोर माणूस सोबत न्या. प्रश्न त्यांनाच विचारू द्या, उत्तर डॉक्टर देतील.