हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिलीट'चं बटण देऊ नका

लहान दुकानांसाठी मोफत हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे प्रश्न ठाणे-नवी मुंबईतून सतत येतात. गोंधळ तेच असतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

ऐरोली : जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) असलेला कोड बदलून पैसे घेऊन दिला तर चालेल?

चालेल. मात्र ज्याला प्रोग्रॅम दिलात त्याला तुमच्या बदलांसकट सोर्सही, म्हणजे मूळ कोडही, द्यावा लागेल.

कळवा : एक विक्रेता सांगतो, जीएसटीला 'मान्यताप्राप्त' सॉफ्टवेअरच लागतं, मोफत वापरलं तर दंड. खरं का?

खोटं. माल खपवायला भीती घालतात. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना मात्र प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, तेही मोफत की विकतचं हे न बघता. प्रायव्हेट लिमिटेड त्यात येते, एकट्या मालकीचं दुकान येत नाही. गिऱ्हाईक कशात मोडतं ते त्याच्या सीएकडून कळून घ्या.

वाशी : ताळ्यात एक पैशाचा फरक पडतो, सापडत नाही.

रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात ठेवली असणार. ती पैशांत, पूर्णांकात ठेवा. दुसरी चूक करात होते. 1,249.50 रुपयांवर 18 टक्के म्हणजे 224.91. तेच सीजीएसटी (केंद्राचा वाटा) 9 टक्क्यांनी 112.455, म्हणजे 112.46, एसजीएसटीही (राज्याचा वाटा) तेवढाच, बेरीज 224.92. एकीकडे 18 टक्क्यांनी आणि दुसरीकडे 9-9 ने काढलंत की हा पैसा निघतो. दोन्ही कर वेगळे काढा, एकदाच साठवा, छापील बिल आणि खातेवही दोन्हीकडे तोच आकडा घ्या.

वागळे इस्टेट : गिऱ्हाइकं बिल डिलीट करायचं बटण मागतात. देऊ का?

देऊ नका. कितीही आग्रह झाला तरी देऊ नका.

बिलांचे क्रमांक ओळीने यावे लागतात, एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नयेत आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठे नकोत. 47 नंबर पुसलात की 46 नंतर थेट 48. जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणात, पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, एकूण किती आणि रद्द किती हे भरावं लागतं. पुसलेल्या बिलाला तिथे जागाच नाही. मग मार्चमध्ये मालक आणि सीए दोघं फायली उपसत बसतात.

बटणावर 'रद्द' लिहा. क्रमांक जागेवर राहील; कोणी, कधी, का रद्द केलं ते सक्तीने विचारा. खातेवहीतली जुनी ओळ न बदलता उलटी नोंद टाका, आणि नावे-जमा जुळली तरच व्यवहार साठू द्या. नोंदींच्या टेबलावर अपडेट आणि डिलीटची परवानगी डेटाबेसमधूनच काढून घ्या. फक्त स्क्रीनवरचं बटण लपवून भागत नाही. दोन काउंटर असतील तर क्रमांक बिल साठवताना द्या, फॉर्म उघडताना देऊ नका, नाहीतर अर्धवट सोडलेल्या फॉर्मने मध्ये खड्डे पडतात.

माल परत आला तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद. विवरण भरून झालं असेल तर दुरुस्ती कोणत्या मार्गाने करायची हे सीएलाच ठरवू द्या, आणि तेही मुदतीच्या आत. आर्थिक वर्ष संपल्यावर 30 नोव्हेंबरनंतर क्रेडिट नोटने कर कमी करता येत नाही. वार्षिक विवरण त्याआधी भरलंत तर तीच शेवटची तारीख. "नंतर बघू" म्हणणारे इथेच अडकतात.

तुर्भे : 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. आता ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं की नवा दर येतो.

मालाच्या यादीतला दरच तुम्ही बदललात. दरांचं वेगळं टेबल करा, 'कधीपासून' या तारखेसह, आणि लागलेला दर बिलाच्या ओळीतही साठवा. बदलाच्या आगेमागे दिलेल्या मालाला कोणता दर, हे सीएला विचारा.

घणसोली : एसक्यूलाइटची (एकाच फाइलमधला डेटाबेस) फाइल रोज पेनड्राइव्हवर कॉपी करतो. पुरे ना?

नाही. प्रोग्रॅम चालू असताना नुसती कॉपी अर्धवट निघू शकते. वॉल पद्धत चालू असेल तर ताजे व्यवहार शेजारच्या वेगळ्या वॉल फाइलमध्ये असू शकतात. एसक्यूलाइटची 'व्हॅक्युम इन्टू' ही आज्ञा वापरा, ती पूर्ण प्रत काढते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि रोखीची शिल्लक ताडून पाहा. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, तेव्हा एकाच पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका.