शेतातली मोटर चोरणाऱ्याला जिवे मारलं तर तो स्वसंरक्षणाचा हक्क ठरतो का?

नाही. उघड्या विहिरीवरची मोटर नेणं ही साधी चोरी, आणि तेवढ्यासाठी जीव घ्यायची मुभा कायदा देत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ (१ जुलै २०२४ पूर्वी भादंविचं १०३) ती मोजक्याच प्रसंगी देतं: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घराला-गोदामाला आग लावणं, किंवा चोरीच्या वेळी जिवाची, गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटणं.

कापलेल्या केबलचं टोक हातात घेऊन अंधारात उभं राहिलं की डोकं भणाणतं, मला माहीत आहे. पण पळणाऱ्याच्या पाठीत कुऱ्हाड घातली तर तो बचाव राहत नाही. कुंपणात करंट सोडणं तर त्याहून वाईट. चोर कोण आणि पहाटे गवताला आलेली शेजारीण कोण, हे तारेला कळत नाही.